तीन नंबरचं इंजिन

मूर्तिजापूरहून येणाऱ्या छोट्या गाडीने कारंज्याच्या स्टेशनावर आजवर काय काय उतरवले असेल. पण १९७४ च्या जानेवारीत तिने आणलेल्या दोन लाकडी खोक्यांना हात लावायला हमाल तयार होईनात. फळ्यांच्या फटीतून गोल मांडलेली लोखंडी नळकांडी दिसत होती आणि कोणीतरी उठवून दिले होते की आत लढाईतला बॉम्ब आहे. खोकी मागवणारे उत्तमराव भंगारवाले शेवटी स्वतः एका खोक्यावर चढून बसले, तिथेच त्यांनी पान खाल्ले आणि म्हणाले, "फुटला तं पयले मी जाईन. मंग दुकानातलं लोखंड तुमी वाटून घेजा." तेव्हा कुठे माल हलला.

आत बॉम्ब नव्हता. बॉम्ब टाकणाऱ्या चार इंजिनी विमानांची दोन इंजिने होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर परदेशी फौजा आपली ही विमाने इथेच टाकून गेल्या आणि ती कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून जाताना इंजिनांत वाळू ओतून, यंत्रे घणाने फोडून गेल्या. आपल्याकडच्या माणसांनी त्याच मोडक्यांतून, याचे पंख त्याला आणि त्याचे चाक याला असे करत, चाळीसएक विमाने उभी केली. ती वीस वर्षे उडाली आणि मग म्हातारी होऊन भंगारात निघाली. उत्तमरावांनी इंजिने घेतली ती लोखंड म्हणूनच. पुढे मुंबईहून पत्र आले की परदेशातल्या एका संग्रहालयाला असे एक विमान उडवत आपल्या देशी न्यायचे आहे, त्यासाठी जादा इंजिन हवे आहे, पण चालते हवे. त्यांचा माणूस कारंज्याला येईल, इंजिन चालू झालेले कानांनी ऐकेल आणि मगच नेईल.

उत्तमरावांना इंजिनातले ओ की ठो कळत नव्हते. पण इंझोरीच्या भिवाजी सावळेला ते ओळखत होते.

भिवाजीने पन्नाशी ओलांडली होती. भाजीपाला लावणाऱ्या बागवानांची पाणी ओढायची इंजिने तो दुरुस्त करी, बोलण्यापेक्षा मान हलवी. तो लढाईच्या काळात भरती झाला होता आणि नंतर सहा वर्षे याच विमानांच्या उभारणीत फिटर होता. त्याच्याबरोबर त्याचा थोरला चुलतभाऊ जानराव होता. एकाच दिवशी दोघांनी इंझोरी सोडली होती. १९५१ साली भिवाजी एकटा परत आला.

जानराव विमानात गेला. त्यांनीच उभे केलेले एक विमान चाचणीसाठी वर गेले होते, तीन नंबरच्या इंजिनाने पेट घेतला आणि पाच माणसे जळाली. त्यात इंजिने सांभाळायला बसलेला जानराव होता. चौकशी झाली. महिन्याभराने घरी कागद आला, तो शाळामास्तरांनी झाडाखाली उभे राहून वाचून दाखवला. तपासणाऱ्या फिटरने नियमाप्रमाणे इंजिनाचा पंखा हाताने फिरवून पाहिला नाही, तरीही पाहिल्याची सही केली, असे त्यात होते. सही जानरावची होती. पाटलांसकट गावातली वरच्या जातीची माणसे म्हणाली, यांच्या हाती विमान देल्लं तं दुसरं काय होईन. हे वाक्य गावात बरीच वर्षे टिकले. जयंतीच्या वर्गणीवरून वाद झाला की निघे, शाळेत यांच्या वस्तीतल्या एखाद्या पोराचे गणित चुकले की निघे.

खरे काय होते ते एकट्या भिवाजीला माहीत होते. त्या सकाळी तीन नंबरचा पंखा त्याने फिरवला होता. तो अडकला. धुके होते, साहेब लोक हातमोजे चोळत उभे होते, उशीर झाला होता. जे करायचे नसते ते त्याने केले आणि पलीकडे कागद भरत असलेल्या जानरावला ओरडून सांगितले, "मोकळं हाय, कर सही." जानरावने सही केली आणि तो विमानात चढला. चौकशीत भिवाजीला विचारले, तू कुठे होतास? तो म्हणाला, दोन नंबरच्या इंजिनावर.

उत्तमरावांचे बोलावणे आले तेव्हा त्याने दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा उत्तमराव स्वतः इंझोरीला आले आणि म्हणाले, "तू नाही म्हनशीन तं मी त्याले तोडून इकून टाकीन. मले काय." त्या रात्री भिवाजीला झोप लागली नाही आणि सकाळच्या एस.टी.ने तो कारंज्याला गेला. इंजिन तुटू नये म्हणून गेला, की ते तुटलेले डोळ्यांनी पाहावे म्हणून, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये काम सुरू झाले. हाताखाली प्रेमसिंग होता, ट्रकच्या गॅरेजमधला तरबेज मिस्त्री, पस्तिशीचा, तोंडाळ. खोक्याच्या फळ्या निघाल्या आणि दोन कड्यांत सात-सात असे चौदा सिलिंडर दिसले, तेव्हा तो म्हणाला, "हे इंजिन हाय का सूर्यफूल? काका, याले पानी घालाव का ऑइल?"

एका इंजिनाचे भाग काढून दुसरे उभे करायचे होते. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, क्रमाने पोत्यावर मांडायचा. त्यासाठी रोजाने बाई पाहिजे होती. उत्तमरावांचा माणूस इंझोरीहूनच एक बाई घेऊन आला. ती लिलाबाई होती, जानरावची बायको.

भिवाजीच्या हातातला पान्हा तसाच राहिला. "वयनी, हे काम तुमच्यानं नाही होनार. रॉकेलनं हात फाटतीन."

"निंदून निंदून फाटलेच हायत," लिलाबाई म्हणाली. तिने पदर खोचला, रॉकेलची पत्र्याची पाटी ओढून घेतली आणि आडव्या पडलेल्या त्या यंत्राकडे बराच वेळ पाहिले. "हेच का भाऊजी ते?"

"तसंच. ते नाही."

"मंग मले दाखवा. त्यायनं काय चुकोलं होतं ते दाखवा. तेवीस वर्सं झाले, लोक सांगतेत आन् मी आयकतो. मले डोयानं पाहू द्या."

"दाखवतो," भिवाजी म्हणाला. "जोडून झालं का दाखवतो."

आठ आठवडे तो असेच म्हणत राहिला. लिलाबाई रोज सकाळच्या एस.टी.ने येई आणि संध्याकाळच्या गाडीने जाई. ती शिकलेली नव्हती, पण पंधरा दिवसांत तिला प्रत्येक भागाची जागा कळू लागली. प्रेमसिंगने एकदा वरच्या सिलिंडरची नळी खालच्याला लावायला घेतली, तर ती म्हणाली, "ते तिथचं नोहे. त्याले खालून वाकन हाय." प्रेमसिंगने कपाळाला हात लावला. "काकी, तुमीच व्हा मिस्त्री, मी भाकरी थापतो."

"थाप. कच्च्या ठेवशीन."

ती हसे तेव्हा भिवाजी खाली बघे. हसून झाले की तिची नजर त्या भागांवर जाई आणि ती एकेक उचलून विचारी, "हे होतं का?" भिवाजी म्हणे, नाही. "मंग हे?" नाही. तेवीस वर्षे चुलतभावाच्या घरी तो दिवाळीला धान्य पोचवत आला होता, छपरावरची कौले बदलून देत आला होता, आणि एकदाही त्या घरात बसून पाणी प्यायला नव्हता. आता ती बाई दुपारी त्याच्यासमोर शिदोरी सोडून अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवत होती.

मार्चच्या मध्यावर इंजिन उभे राहिले. रुळाच्या तुकड्यांचा भक्कम घोडा करून त्यावर ते बसवले, पुढे चाचणीचा आखूड लाकडी पंखा लावला, ऑइल भरले. दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब येणार होते. त्या दिवशी सकाळी भिवाजी प्रेमसिंगला म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नको," आणि साहेबांना घ्यायला उत्तमरावांबरोबर स्टेशनावर गेला. गाडी दीड तास उशिरा आली.

परत आले तेव्हा प्रेमसिंग शर्ट बदलून, केस पाण्याने बसवून उभा होता. दाराशी गर्दी जमली होती. "समदं तयार हाय काका," तो म्हणाला. "पंखा फिरवून पाह्यला. अडकला होता तिसऱ्या फेऱ्याले. म्या जरासा उलटा देल्ला, मोकळा झाला. आता बोटानं फिरते."

भिवाजी म्हणाला, "उलटा?"

"उलटा. ट्रकचं इंजिन जाम झालं का आमी असंच करतो."

साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांना संध्याकाळी परत निघायचे होते. उत्तमराव म्हणाले, "चला भिवाजी, लाव किल्ली का काय असते ते."

"आज नाही लागत," भिवाजी म्हणाला. "खालच्या नळ्या खोलाव लागतीन. दिवस जाईन."

"येडा झाला का तू? मानूस मुंबईहून आला. पाच मिन्टं चालव, त्यायले आयकव, मंग खोलत बस जलमभर."

"पाच मिन्टं चालन. चांगलंच चालन. म्हनून तं नाही चालवत."

उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. ते प्रेमसिंगला म्हणाले, "तू लाव." प्रेमसिंग पुढे झाला. तेव्हा भिवाजी जाऊन त्या लाकडी पंख्याच्या पुढ्यात उभा राहिला, पाठ पंख्याला लावून. चालू झाले असते तर त्याचे दोन तुकडे झाले असते. प्रेमसिंगने हात मागे घेतला आणि हळू आवाजात विचारले, "काका, म्या काय केल्लं, ते तं सांगाल?"

भिवाजी सांगू लागला. त्याचे सांगणे एखाद्या शिकवणीसारखे कोरडे होते. या इंजिनाचे खालचे सिलिंडर उलटे टांगलेले असतात. इंजिन उभे राहिले की ऑइल झिरपत त्यांत साचते, आणि ऑइल काही दाबले जात नाही. म्हणून चालू करण्याआधी पंखा हाताने ओढून पाहायचा. अडकला तर समजायचे की आत ऑइल आहे, खालचे प्लग काढायचे आणि ते वाहू द्यायचे. उलटा मात्र कधी फिरवायचा नाही. उलटा फिरवला की ऑइल हवेच्या नळीत मागे सरते आणि पंखा मोकळा झाल्यासारखा वाटतो. इंजिन चालू झाले की तेच ऑइल पुन्हा आत ओढले जाते आणि आतला दांडा वाकतो. वाकलेला दांडा लगेच तुटत नाही. तास, दीड तास चालतो.

"तोवर हे समुद्रावर असन," तो म्हणाला.

उत्तमराव म्हणाले, "हे तुले पुस्तकानं सांगतलं का देवानं? होतेच असं काहून म्हनतो?"

"म्या केल्लं हाय," भिवाजी म्हणाला. "म्या उलटा फिरवला होता. तीन नंबरचा."

लिलाबाई भिंतीजवळ पाटीतले रॉकेल बाटलीत गाळत होती. तिने बाटली खाली ठेवली आणि तिचे बूच घट्ट लावले. मग ती उठून आली.

"कोनता तीन नंबर?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "त्याच्या इमानाचा. जान्यानं नाही फिरवला. तो कागद भरून राह्यला होता. म्या त्याले सांगतलं, मोकळं हाय. माह्या भरोशावर त्यानं सही केली."

साहेबांना मराठी कळत नव्हते. त्यांनी उत्तमरावांना हिंदीत विचारले की ही बाई कोण.

"दाखव," लिलाबाई म्हणाली.

भिवाजी खाली बसला. त्याने बोटाने जागा दाखवली, प्रेमसिंगने पान्हा घेतला आणि खालच्या सिलिंडरची हवेची नळी सोडवली. लिलाबाईने आपली पाटी खाली सरकवली. नळी निघाली आणि काळे ऑइल संथपणे पाटीत उतरले. उतरायचे थांबले तेव्हा पाटीचा तळही पुरता झाकला नव्हता. चहाचा एक पेला भरला असता, जास्त नाही.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

ती पाटीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "किती वेळ होता तो वरतं?"

"तास अन् दहा मिन्टं."

"दांडा तुटला तवा त्याले समजलं असन?"

भिवाजीला खोटे बोलता आले असते. तेवीस वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती. "समजलं असन," तो म्हणाला. "मीटरच्या सुया त्याच्याच समोर होत्या. पंखा म्या फिरवला हे त्याले मालूम होतं. त्याच्याइतकं ते इंजिन कोनाले समजत नव्हतं."

"खाली बोलता येत होतं का वरून?"

"रेडिओ होता. शेवटी त्याचाच आवाज होता. म्या उभा होतो तिथं. तीन नंबर पेटलं म्हनला, बुजोवतो म्हनला. मंग म्हनला, बुजत नाही."

"तुहं नाव?"

"नाही घेतलं."

दाराशी जमलेली माणसे पाय न वाजवता मागे सरली. मग लिलाबाई म्हणाली, "म्हंजे त्यानं तुले वाचोलं अन् आमाले बुडोलं." तिच्या आवाजात राग होता, पण तो कोणावर होता हे कळत नव्हते. "त्याची पेटी आली होती इमानाच्या हापिसातून. कपडे, वह्या, दाढीचं सामान. माह्या सासूनं ती घरात घेऊ नाही देल्ली. चार मायचे लेक मारले म्हने त्यानं, त्याचं सामान माह्या उंबऱ्यात नको. पावसात सडली आंगनात. तू होतास तवा. तूच उचलून फेकली ते सडल्यावर."

"होय."

"चाल."

"वयनी, मी अर्ज करतो. दिल्लीले लिहून पाठोतो, सहीनिशी. तुमी म्हनसान तसं..."

"ते कर मंग. कोन वाचते ते पाहू. आता चाल. बुढी जित्ती हाय अजून."

भिवाजीने प्रेमसिंगला सांगितले की खालच्या सगळ्या नळ्या सोड, प्लग काढ, रात्रभर उघडे ठेव, उद्या पंखा नऊ फेरे सुलटा ओढ आणि एकदाही अडकला नाही तरच चालू कर. प्रेमसिंगने प्रत्येक वाक्याला मान हलवली. उत्तमरावांनी अडवले नाही. साहेबांना ते एवढेच म्हणाले की आज रात्री मुक्काम करा, माल पक्का मिळेल.

इंझोरीच्या एस.टी.त दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने भिवाजीला विचारले, "इमान उडालं का नाही?" भिवाजीने मान हलवली, तिचा अर्थ हो की नाही हे त्यालाच कळले नाही. गाडी धुळीतून जात राहिली. लिलाबाईच्या हातांना रॉकेलचा वास येत होता आणि ती ते पदराला पुसत नव्हती.

घरी पोचले तेव्हा ऊन होते. चंपाबाई, जानरावची आई, ओट्यावर तूर निवडत बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली. जानराव गेल्यापासून तिने त्याचे नाव उच्चारले नव्हते. कोणी पोरे किती विचारली तर एक लेक होती, ती गेली, एवढेच सांगे. लिलाबाईने तिच्यापुढचे सूप बाजूला केले. म्हातारीने वर पाहिले.

"सांग," लिलाबाई म्हणाली.

भिवाजी ओट्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने सांगितले. सांगताना मान खालीच होती. जान्याची चूक नव्हती, माझी होती, मी खोटे बोललो. बोलून झाल्यावर त्याला वाटले, आता आकाश पडेल. म्हातारी कपाळाला आठ्या घालून त्याच्या ओठांकडे पाहत होती.

"तिले आयकू येत नाही," लिलाबाई म्हणाली. "सात-आठ वर्सं झाले. तू कधी बसलाच नाही इथं, तुले कसं मालूम असन. मोठ्यानं सांग."

त्याने पुन्हा सांगितले. शेजारच्या घरातून गोमतीबाई दारात आली. म्हातारीने कानामागे हात धरला आणि मान हलवली.

"मोठ्यानं."

जन्मात भिवाजी सावळे कोणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता. तो उठून उभा राहिला. त्याने श्वास घेतला आणि ओरडून सांगितले की पंखा मी फिरवला होता. गल्लीतली माणसे बाहेर आली. रस्त्यावरून बैलगाडी घेऊन जाणारे रंगराव पाटील थांबले. त्यांनी कासरा ओढून धरला.

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "कोनं?" तिने विचारले. "कोनं फिरवला? जान्यानं?"

तेवीस वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून निघाले होते. लिलाबाईने ओट्याच्या खांबाला धरले.

"नाव घेऊन सांग," ती भिवाजीला म्हणाली. "त्याचंही घे आन् तुहंही घे. पाटलालेही आयकू जाऊ दे. मोठ्यानं."